द्राक्षबागेतील फवारणी आणि लहान ट्रॅक्टरचा फोर-व्हील ड्राइव्ह : केव्हा लावावा, केव्हा काढावा

नाशिक, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडील विजयपूर या द्राक्षपट्ट्यांत ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर आता साधारणपणे 18 ते 30 अश्वशक्तीचा, अरुंद रुंदीचा असतो आणि नव्याने घेतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांत फोर-व्हील ड्राइव्हचे प्रमाण वाढते आहे. या सोयीसाठी बागायतदार टू-व्हील ट्रॅक्टरपेक्षा जास्त किंमत मोजतो. मात्र तिच्या वापराबाबत दोन टोकाच्या सवयी आढळतात. काही चालक हा दांडा एकदा पुढे ढकलला की वर्षभर मागे घेत नाहीत. काही जण ट्रॅक्टर चिखलात रुतल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. पहिल्या सवयीने टायर, गिअर आणि डिझेल यांची हानी होते. दुसऱ्या सवयीने जी हानी होते ती दिसत नाही, कारण ती औषधाच्या मात्रेत होते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने चाकांविषयी लिहिण्याचे कारण हेच आहे.

चाकाची घसरण आणि एकरी मात्रा

ब्लोअरचा पंप व पंखा पीटीओवर चालतात. इंजिनाचे फेरे कायम असतील तर नोझलमधून दर मिनिटाला बाहेर पडणारे द्रावण जवळजवळ कायम राहते. ट्रॅक्टर पुढे किती वेगाने सरकतो याच्याशी नोझलला काही देणेघेणे नसते. त्यामुळे चाके फिरत आहेत पण ट्रॅक्टर तितका पुढे जात नाही, अशी स्थिती आली की तेवढ्याच वेलींवर अधिक द्रावण पडते.

एक उदाहरण घेऊ. दोन ओळींतील अंतर 3 मीटर, ट्रॅक्टरचा वेग ताशी 5 किलोमीटर आणि सर्व नोझलचा मिळून प्रवाह मिनिटाला 15 लिटर आहे. या हिशेबाने हेक्टरी 600 लिटर, म्हणजे एकरी सुमारे 243 लिटर द्रावण पडते. आता त्याच बागेच्या खालच्या, पाणथळ भागात मागची चाके 15 टक्के घसरू लागली. प्रत्यक्ष वेग ताशी 4.25 किलोमीटरवर आला. नोझल, दाब, गिअर यांपैकी काहीही बदलले नाही, तरी हेक्टरी द्रावण 706 लिटर झाले. मात्रा जवळजवळ 18 टक्क्यांनी वाढली. टाकीत औषध अगदी मोजून टाकले असले तरी वेलींच्या वाट्याला ते मोजून गेले नाही.

ही वाढ सर्व बागेत सारखी असती तर निदान हिशेबात धरता आली असती. तशी ती नसते. ओळीचा वरचा निम्मा भाग वाफशावर आणि खालचा निम्मा चिखलात, अशी स्थिती परतीच्या पावसानंतर नेहमीची आहे. एकाच ओळीत एका टोकाला शिफारशीप्रमाणे आणि दुसऱ्या टोकाला तिच्याहून बरेच अधिक औषध पडते. युरोपकडे जाणाऱ्या द्राक्षांच्या अवशेषांवर अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीतून देखरेख ठेवली जाते आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्या कामी संदर्भ प्रयोगशाळा आहे. काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हा शिफारशीत मात्रेसाठी ठरविलेला असतो. मात्रा वाढली की तो कालावधी पाळूनही अवशेष मर्यादेच्या वर राहण्याचा धोका वाढतो. नमुन्यातील घड नेमके त्या खालच्या टोकाचे असू शकतात.

वेग कमी झालेला पाहून पुष्कळ चालक इंजिनाची रेस वाढवतात. हा उपाय चुकीचा आहे. रेस वाढली की पीटीओचे फेरे आणि त्यासोबत पंख्याची गती वाढते. दाबनियंत्रक नीट काम करीत नसेल तर दाबही चढतो. थेंब अधिक बारीक होतात व वाऱ्यावर वाहून जातात. शिवाय घसरणारे चाक अधिक वेगाने फिरविल्याने घसरण कमी होत नाही, चाकोरी मात्र खोल होते. वेग बदलायचा असेल तर पीटीओचे फेरे कायम ठेवून गिअर बदलावा. आणि वेग घसरणीमुळे पडला असेल, तर पुढच्या चाकांना कामाला लावण्याची वेळ झाली असे समजावे.

घसरण मोजावी, अंदाज करू नये

चालकाच्या आसनावरून 10 टक्के घसरण जाणवत नाही. ती मोजणे मात्र अगदी सोपे आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करावी. कोरड्या, घट्ट जमिनीवर रिकामा ब्लोअर जोडून चाकाचे 10 पूर्ण फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा व अंतर मोजावे. नंतर भरलेल्या टाकीसह प्रत्यक्ष ओळीत, फवारणीच्याच गिअरमध्ये, पुन्हा 10 फेरे मोजावेत. समजा पहिले अंतर 29 मीटर आणि दुसरे 26 मीटर आले. फरक 3 मीटरचा, म्हणजे घसरण सुमारे 10 टक्के.

विस्तार कार्यकर्त्यांना याहूनही सोपी रीत वापरता येईल. ओळीत 50 मीटरवर दोन खुणा कराव्यात आणि मोबाइलवरील घड्याळाने वेळ मोजावी. ताशी 5 किलोमीटरला 36 सेकंद लागतात. त्याच गिअरमध्ये व त्याच रेसला 42 सेकंद लागू लागले की वर सांगितलेली 15 टक्क्यांची स्थिती आली. ब्लोअरचे अंशशोधन घराजवळच्या डांबरी रस्त्यावर करून बागेत जाण्याची प्रथा यासाठीच सोडून द्यावी. अंशशोधन ओळीतच, अर्ध्या भरलेल्या टाकीने करावे.

नांगरणीसारख्या ओढीच्या कामात 10 ते 15 टक्के घसरण स्वाभाविक मानतात. त्याहून फार कमी घसरण असेल तर ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादले आहे असेही म्हणतात. फवारणीला हा निकष लावणे योग्य नाही. येथे ओढ कमी असते आणि प्रश्न मात्रेचा असतो. माझ्या मते फवारणीत घसरण 5 टक्क्यांच्या वर गेली की फोर-व्हील ड्राइव्ह लावावा आणि लावल्यावर वेळ पुन्हा मोजावी. 42 सेकंदांचे 37 किंवा 38 झाले तर दांडा पुढे राहू द्यावा. काहीच फरक पडला नाही तर कारण शोधावे. ते बहुधा पुढच्या धुरीवरील वजनात सापडते.

याचा थोडा खुलासा आवश्यक आहे. चाकाची पकड त्याच्यावरील वजनावर अवलंबून असते. ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांवर उचललेला ब्लोअर असेल तर भरलेल्या टाकीचे सर्व वजन मागच्या चाकांवर येते आणि पुढचा भाग हलका होतो. 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो, त्यात यंत्राचे वजन वेगळे. अशा वेळी मागची पकड चांगली असते, पण हलक्या झालेल्या पुढच्या चाकांना शक्ती देऊनही ती फारसे ओढू शकत नाहीत, आणि सुकाणूही हाताला हलके लागते. येथे आधी कंपनीने दिलेली पुढची वजने बसवावीत. स्वतःच्या चाकांवर चालणारा, मागे ओढला जाणारा ब्लोअर असेल तर स्थिती उलट असते. त्याचे बहुतेक वजन त्याच्याच चाकांवर असते, ट्रॅक्टरला केवळ ओढ बसते आणि भरलेल्या टाकीला ती सर्वांत जास्त असते. फोर-व्हील ड्राइव्हचा खरा लाभ या दुसऱ्या प्रकारात दिसतो. टाकी रिकामी होत जाईल तशी गरज कमी होते, हेही लक्षात असू द्यावे.

वाफसा नसेल तर चारही चाके निरुपयोगी

फळछाटणीनंतर डोळे फुगू लागले की उडद्या भुंगेऱ्याचे प्रौढ त्यांवर तुटून पडतात. खाल्लेला डोळा फुटत नाही. त्यासोबत त्या काडीवर येणारा घडही जातो. हा काळ थोड्या दिवसांचा असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील छाटणीत तो नेमका परतीच्या पावसाशी गाठ घालतो. फुलोरा ते मणी धरण्याच्या काळात फुलकिड्यांचेही असेच आहे, आणि पावसानंतरच्या केवड्याचे तर विचारायलाच नको. बागायतदाराला ट्रॅक्टर आत नेण्याची घाई असते ती अकारण नसते. फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने ट्रॅक्टर रुतत नाही, पार होतो, आणि म्हणून जमीन फवारणीला तयार आहे असा समज होतो.

हा समज महागात पडतो. पुढच्या चाकांना शक्ती दिल्याने ट्रॅक्टरचे वजन एका किलोनेही घटत नाही. ओल्या काळ्या जमिनीवर ते वजन जितके खोल दाबायचे तितके दाबतेच. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टर त्याच ओळीतून, त्याच चाकोरीवरून पुन्हा पुन्हा जातो. ओल्या स्थितीत दाबली गेलेली चाकोरी सुकल्यावर विटेसारखी होते. पाणी तिच्यातून मुरत नाही, तिच्यात साचते. पांढरी मुळे त्या पट्ट्याकडे जायचे टाळतात. साचलेल्या पाण्याने वेलीखालची आर्द्रता वाढून ज्या रोगासाठी घाईने आत गेलो त्यालाच अनुकूल हवा मिळते.

म्हणून दांड्याला हात लावण्याआधी वाफसा पाहावा. पृष्ठभागावरची माती पाहू नये. चाक जेथून जाणार आहे तेथे 15 सेंटिमीटर खोल खणून मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. गोळा होऊन अंगठ्याच्या दाबाने फुटला तर आत जाण्यास हरकत नाही. गोळा फुटत नाही, अंगठ्याखाली चकाकतो, बोटांत दाबून लांब पट्टी निघते, अशी माती असेल तर टू-व्हील असो वा फोर-व्हील, ट्रॅक्टर बांधावरच थांबावा.

किडीला थांबविता येत नाही, हे खरे आहे. अशा वेळी बांधावर पंप ठेवून लांब नळी व गनने फवारणी करणे, किंवा क्षेत्र लहान असल्यास पाठीवरील पंप वापरणे हे पर्याय आहेत. मजुरी अधिक लागते, परंतु छाटणीनंतरच्या अवस्थेत पानोरा नसल्याने द्रावण थोडे पुरते. वाफसा अगदी काठावर असेल तर टाकी अर्धीच भरावी. वजन तेवढे कमी होते. ओळींच्या मध्ये गवताचे किंवा हिरवळीचे आच्छादन राखलेल्या बागांत जमीन चाकाचा भार अधिक सहन करते. हा उपाय आजचा नाही, पुढच्या हंगामाचा आहे. एकाआड एक ओळ चालवून चिखल टाळण्याचा प्रकार मात्र करू नये. वेलीची एक बाजू द्रावणाविना राहते आणि सालीखाली किंवा घडात लपणारा पिठ्या ढेकूण त्याच बाजूला शिल्लक राहतो.

कठीण जमिनीवर आणि वळणावर

लहान ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा आकाराने लहान असतात. ती मागच्यांच्या बरोबरीने चालावीत यासाठी गिअरपेटीतून त्यांना अधिक फेरे दिले जातात, आणि ते जरा जास्तच दिले जातात. म्हणजे पुढची चाके मागच्यांपेक्षा काही टक्के अधिक वेगाने धावू पाहतात. याला ‘आघाडी’ म्हणू. ती साधारण 1 ते 5 टक्के असते. मऊ जमिनीत या आघाडीमुळे पुढची चाके ट्रॅक्टरला ओढतात. फरकाची भरपाई माती करते. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर भरपाई करणारी माती नसते. पुढच्या व मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नसल्याने दोन्ही धुऱ्या एकमेकींशी झगडतात, शाफ्ट व गिअरांत ताण साठतो आणि पुढच्या टायरची कंगोरे भराभर झिजतात. बागेपासून घरापर्यंतचे चार-पाच किलोमीटर रोज असे गेले तर पुढची टायरजोडी अकाली बदलावी लागते.

वळणावर हा झगडा फार वाढतो, आणि द्राक्षबागेत वळणे मोजता येणार नाहीत इतकी असतात. मागच्या धुरीचा मध्य अडीच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळत असेल आणि दोन्ही धुऱ्यांतील अंतर दीड मीटर असेल, तर पुढच्या धुरीचा मध्य सुमारे 2.9 मीटर त्रिज्येवर फिरतो. तिला जवळजवळ 17 टक्के अधिक अंतर कापायचे असते. यंत्ररचना तिला 3 टक्के आघाडी देते. उरलेला फरक चिखलात टायर घसरून भरून निघतो. मुरमाच्या कडक रस्त्यावर तो भरून निघत नाही. ट्रॅक्टर वळायला नकार देतो, वळण मोठे होते आणि टोकाच्या अँकरच्या तारेला ब्लोअर घासण्याचा प्रसंग येतो. ओळीचे टोक घट्ट असेल आणि ओळीतही घसरण किरकोळ असेल, तर फोर-व्हील ड्राइव्ह काढलेलाच बरा. ओळ चिखलाची आणि टोकही चिखलाचे असेल तर तो लावलेला राहू द्यावा. प्रत्येक वळणावर दांडा मागेपुढे करण्याची अपेक्षा कोणत्याही चालकाकडून करू नये.

दांडा लावताना व काढताना ट्रॅक्टर थांबवून, क्लच दाबून, पुढची चाके सरळ करून घ्यावीत. चालत्या ट्रॅक्टरमध्ये लावण्याची मुभा काही मॉडेलमध्ये असते, ती आपल्या पुस्तिकेत पाहून घ्यावी. चाके जागेवर वेगाने घसरत असताना दांडा कधीही ढकलू नये. काढताना दांडा अडकला तर जोर करू नये. साठलेल्या ताणामुळे तो अडकलेला असतो. सरळ रेषेत थोडे मागे घेतले की ताण सुटतो व दांडा सहज मागे येतो.

डिफरन्शियल लॉक ही वेगळी सोय आहे आणि दोहोंची गल्लत नेहमी होते. फोर-व्हील ड्राइव्ह पुढच्या धुरीला शक्ती देतो. डिफरन्शियल लॉक मागच्या धुरीवरील डाव्या-उजव्या चाकांना एकत्र बांधतो. मागचे एकच चाक ओलीत फिरत असेल व दुसरे स्थिर असेल तर आधी लॉकचा पेडल दाबावा, सरळ पुढे निघावे आणि वळण्यापूर्वी सोडावा. दोन्ही मागची चाके फिरत असतील तर लॉकने काही साधत नाही. तेथे पुढच्या चाकांचीच मदत लागते.

उतारावर

वाफसा हा एक प्रश्न आहे. उतार हा दुसरा, आणि त्यात जीविताचा धोका आहे. कोकणात आंब्यावरील तुडतुड्यांसाठी मोहोराच्या काळात फवारणी होते तेव्हा जमीन कोरडी असते, परंतु बागा जांभ्याच्या उतारावर असतात आणि वर सुटे खडे पसरलेले असतात. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेली टाकी ओढत उतरताना मागून रेटा येतो, मागच्या चाकांची पकड घटते आणि ब्रेक दाबताच ती सरकू लागतात. फोर-व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तर मागच्या चाकांवरील ब्रेक शाफ्टमार्गे पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो व चारही चाके ट्रॅक्टरला आवरतात. इंजिनाची रोखही चारही चाकांवर येते. म्हणून सुट्या मातीच्या किंवा खड्यांच्या उतारावर फोर-व्हील ड्राइव्ह चढतानापेक्षा उतरताना अधिक मोलाचा आहे. घसरण दिसण्याची वाट येथे पाहायची नसते.

तो उताराच्या माथ्यावर, सपाटीवर उभे राहून लावावा. लहान गिअर तेथेच निवडावा. डावा-उजवा ब्रेक एकमेकांना जोडणारी कडी लावलेली आहे ना, हे पाहावे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हिंदकळून वजन एका बाजूला टाकते, हे ध्यानात घेऊन उताराला आडवे जाणे टाळावे. उतारावर मध्येच दांडा काढणे म्हणजे पुढच्या चाकांचा ब्रेक काढून टाकणे होय. शेततळ्याच्या बांधावरून किंवा ओढ्याच्या उतरणीवरून पाण्याची टाकी आणताना हीच काळजी घाट-देशावरील बागायतदारांनाही घ्यावी लागते. उलट, पक्क्या रस्त्यावर वेगात असताना फोर-व्हील ड्राइव्ह लावलेला असेल तर अचानक ब्रेक मारल्यास ट्रॅक्टर अनपेक्षित जोराने थांबतो आणि तोल जाऊ शकतो.

टायर, तेल आणि चिखल

आघाडीचे गणित टायरच्या परिघावर आधारलेले असते. पुढचे टायर झिजले म्हणून बाजारात मिळतील त्या मापाचे बसविले, किंवा मागचे नवे व पुढचे जुने अशी जोडी झाली, तर आघाडी नाहीशी होते किंवा प्रमाणाबाहेर वाढते. तपासणीची रीत अशी : घट्ट जमिनीवर मागच्या चाकाचे 10 फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत, एकदा फोर-व्हील ड्राइव्ह काढून व एकदा लावून. काढलेला असताना 16.5 आणि लावलेला असताना 17 फेरे आले तर आघाडी 3 टक्के आहे, ती ठीक आहे. दोन्ही वेळा फेरे सारखेच आले, किंवा लावल्यावर कमी झाले, तर पुढची चाके ओढत नाहीत, ओढली जात आहेत. आधी चारही टायरमधील हवा पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे आहे का ते पाहावे, मगच टायरना दोष द्यावा.

पुढच्या धुरीत स्वतंत्र तेल असते आणि टू-व्हील ट्रॅक्टरची सवय असलेल्या चालकाला त्याचा विसर पडतो. कोकणात किंवा विदर्भाच्या पूर्व भागात हाच ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीला वापरला गेला असेल, तर हंगाम संपताच ते तेल पाहणे अगत्याचे आहे. दुधासारखे पांढुरके दिसले तर सीलमधून पाणी आत गेले आहे. तेल बदलावे आणि सीलही.

चार चाकांनी चिखल तुडवून बाहेर पडलेला ट्रॅक्टर आपल्यासोबत बरीच माती घेऊन जातो. द्राक्ष व डाळिंबातील मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा प्रसार अशा मातीतून होतो. डाळिंबाच्या मर रोगाची बुरशीही या मार्गाने एका बागेतून दुसरीकडे पोहोचू शकते. भाड्याने फवारणी करणारे ट्रॅक्टर दिवसात तीन-चार बागांत जातात. टायरच्या कंगोऱ्यांतील चिखल पहिल्याच बागेच्या फाटकाशी खरडून काढावा व चाके पाण्याने धुवावीत. ते धुण्याचे पाणी वेलींकडे वाहणार नाही अशी जागा त्यासाठी निवडावी.